न सुटलेले गठ्ठे

प्रश्न : 'ब्लेझिंग कॉम्बॅट' नावाच्या अमेरिकी युद्ध-कॉमिक्सचे चारच अंक निघाले आणि व्हिएतनाम युद्धावर टीका केली म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली, असे ऐकले. ते म्हणे मोठ्यांसाठी होते. लढाईची चित्रे तर पोरेच आवडीने बघतात. मग त्यात मोठ्यांसाठी असे काय होते? आणि बंदी आली ती कोणत्या कायद्याने?

उत्तर : चार अंक हे अगदी बरोबर. पहिल्यावर ऑक्टोबर १९६५ अशी तारीख आहे, चौथ्यावर जुलै १९६६. दर तीन महिन्यांनी एक. बंदी मात्र सरकारने घातली नव्हती. कायद्याचा शोध घेत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आधी 'मोठ्यांसाठी'चे बघू. आपल्याकडे थिएटरवर 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी लागली की रांग कशासाठी लागते ते सर्वांना ठाऊक आहे. इथे तसले काही शोधू नका. फरक होता तो गोष्टींच्या शेवटात. त्या काळच्या नेहमीच्या युद्ध-कॉमिक्समध्ये आपला सार्जंट शत्रूची फळी लोळवतो आणि हसत हसत पुढच्या मोहिमेवर निघतो. 'ब्लेझिंग कॉम्बॅट'मध्ये लढाई जिंकली तरी जिंकणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. दहा वर्षांच्या मुलाला यात मजा वाटणार नाही, हे उघड आहे.

आता कायद्याचा घोळ. तो बहुधा 'कॉमिक्स कोड'मुळे होतो. १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीपुढे कॉमिक्समुळे मुले बिघडतात का यावर सुनावण्या झाल्या. धास्तावलेल्या प्रकाशकांनी आपणच एक नियमावली करून घेतली. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असे दाखवू नये, सज्जनांचा विजय व्हावा, रक्तपात आवरता घ्यावा, अशी कलमे त्यात होती. तो सरकारी कायदा नव्हता, पण मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर घाऊक विक्रेते माल घेत नसत. दुकानापर्यंत पोचलाच नाही तर अंक छापून उपयोग काय?

जेम्स वॉरेन या प्रकाशकाने यातून पळवाट काढली. कोड होता तो छोट्या आकाराच्या रंगीत कॉमिक्ससाठी. मोठ्या आकाराचे, कृष्णधवल, किंमत जरा जास्त, असे छापले की ते 'मासिक' ठरते आणि शिक्क्याची गरज उरत नाही. 'मॅड' या विनोदी कॉमिकने १९५५ मध्ये मासिकाचे रूप घेतले होते. वॉरेनने त्याच वाटेने 'क्रीपी' हे भयकथांचे मासिक चालवले आणि मग 'ब्लेझिंग कॉम्बॅट' काढले. संपादक आर्ची गुडविन, बहुतेक कथाही त्याच्याच. मुखपृष्ठे फ्रँक फ्रॅझेटाची. आत जॉन सेव्हरिन, वॉली वुड, अ‍ॅलेक्स टॉथ, रीड क्रँडल यांच्यासारखे कसलेले हात. एकेका अंकात वेगवेगळ्या काळांतली युद्धे असत : प्राचीन ग्रीसमधल्या थर्मोपिलीपासून कोरियापर्यंत. व्हिएतनामच्या कथा त्यात मोजक्याच. म्हणजे हे व्हिएतनामविरोधी पत्रक होते, हाही एक गैरसमजच.

तरी भडका उडाला तो या मोजक्या कथांमुळे. दुसऱ्या अंकात जो ऑर्लँडोने चितारलेली 'लँडस्केप' ही कथा आहे. नायक सैनिक नाही, भातशेती करणारा म्हातारा व्हिएतनामी शेतकरी आहे. दोन्ही बाजूंचे सैनिक त्याच्या गावातून येतात-जातात. म्हाताऱ्याचा जीव शेतात अडकलेला. शेवटी तोच मारला जातो. मार्च १९६५ मध्ये अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाममधल्या दा नांगला उतरले होते आणि बहुसंख्य अमेरिकन अजून युद्धाच्या बाजूने होते. अशा वेळी ही कथा स्टॉलवर आली.

पुढची हकिगत वॉरेनने मुलाखतींत सांगितली आहे. 'अमेरिकन लीजन' ही माजी सैनिकांची मोठी संघटना नाराज झाली आणि तिने घाऊक विक्रेत्यांना गाठले. सैनिकी तळांवरच्या दुकानांनीही अंक ठेवायचे बंद केले. तळावरचे दुकान म्हणजे आपल्याकडच्या मिलिटरी कँटीनसारखे. युद्धकथांचे गिऱ्हाईक तिथे हमखास. आता घाऊक विक्रेत्याचे गणित पाहा. अंक विकला गेला नाही तर तो परत पाठवायचा, पैसे द्यायचे नाहीत. आपल्या स्टॉलवाल्यांनाही हे परतीच्या अंकांचे गणित तोंडपाठ असते. म्हणजे एखादे मासिक नको असेल तर ते विकायला नकार द्यावा लागत नाही, वादही घालावा लागत नाही. गठ्ठा आला तसा, दोरीही न सोडता, कोपऱ्यात ठेवायचा आणि काही दिवसांनी परत धाडायचा. कागद, छपाई, चित्रकारांचे मानधन, सगळा भुर्दंड प्रकाशकावर. वाचकाला तर अंक निघाला होता हेसुद्धा कळत नाही.

सरकारी बंदी आली असती तर निदान खटला झाला असता, पेपरात नाव गाजले असते, खप वाढलाही असता. माझ्या मते कोपऱ्यातला गठ्ठा बंदीपेक्षा वाईट. चौथ्या अंकानंतर वॉरेनने हात टेकले. भयकथांचे 'क्रीपी' मात्र १९८० च्या दशकापर्यंत चालू राहिले. भुताखेतांची कुठली संघटना नव्हती, एवढेच.

चारही अंकांचे एकत्रित पुस्तक फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये काढले आहे. हाती आले तर मुखपृष्ठांवर फार रेंगाळू नका, आधी त्या भातशेतीची गोष्ट काढा. दहा मिनिटांत वाचून होईल.