सर्व्हर हँग झाला? पॉवर बटण दाबण्याआधी हे तपासा

काउंटरवर गर्दी, त्याच वेळी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आणि बॅकअप सुरू, आणि लिनक्स सर्व्हर गपगार. हात सरळ पॉवर बटणाकडे जातो. मशीन सुरू होतं, पण मेमरीतला पुरावा पुसला जातो आणि तोच प्रॉब्लेम पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून आजचा धडा: आधी निदान, मग रीस्टार्ट.

होतं काय?
नेटवर्क कार्डवर पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देतं, म्हणजे दुकानाची बेल वाजवतं. एक गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात छोटी पॅकेट्स सेकंदाला सुमारे 14.88 लाख येऊ शकतात. प्रत्येकासाठी बेल वाजली तर मालक दारातच अडकेल, बिल कोण करणार? म्हणून लिनक्स 'नापी' पद्धत वापरतं: पहिल्या बेलनंतर बेल बंद, मग एका फेरीत जास्तीत जास्त 300 च्या आसपास पॅकेट्स उचलायची. तरी काम उरलं तर ते 'केसॉफ्टआयआरक्यूडी' या थ्रेडकडे जातं. 'टॉप' कमांडमध्ये हा थ्रेड एक कोअर पूर्ण खाताना दिसला, तर पॅकेट्सचा भार एकाच कोअरवर पडतोय असं समजा.

पायरी 1: कोण जिवंत आहे?
दुसऱ्या मशीनवरून पिंग करा. पिंग येतो पण लॉगिन होत नाही, तर कर्नल जिवंत आहे, प्रोग्राम अडकलेत. पिंग नाही पण कीबोर्ड चालतो, तर कार्ड, ड्रायव्हर, केबल किंवा स्विच बघा. दोन्ही बंद, तर अख्खी सिस्टीम अडकली असण्याची शक्यता जास्त.

पायरी 2: मेसेज वाचा
स्क्रीनचा फोटो काढा. 'सॉफ्ट लॉकअप' म्हणजे एक कोअर 20 सेकंदांहून जास्त वेळ कर्नलमध्येच फिरतोय. 'हार्ड लॉकअप' म्हणजे तो सुमारे 10 सेकंद इंटरप्टही घेत नाही. 'हंग टास्क' म्हणजे एखादं काम 120 सेकंदांहून जास्त वेळ थांबलंय. इथे फसू नका! हे काम बऱ्याचदा डिस्कची वाट बघत असतं, आणि आपण उगाच नेटवर्कला दोष देतो. खालच्या कॉल ट्रेसमध्ये कार्डच्या ड्रायव्हरचं नाव आहे की डिस्कचं, ते बघा.

पायरी 3: कर्नललाच विचारा
ऑल्ट आणि सिसआरक्यू दाबून 'एल': प्रत्येक चालू कोअर कुठे आहे ते कळतं. 'डब्ल्यू': अडकलेली कामं दिसतात. मग 'एस', 'यू', 'बी' या क्रमाने रीस्टार्ट करा. डेटा वाचण्याची शक्यता वाढते. ही सोय बऱ्याच सिस्टीम्समध्ये अर्धवटच चालू असते, म्हणून आजच पूर्ण चालू करून ठेवा.

पायरी 4: पुरावा टिकवा
जर्नल डिस्कवर साठवायची सेटिंग करा, म्हणजे मागच्या बूटचा लॉग वाचता येईल. पण अडकलेली सिस्टीम शेवटच्या ओळी डिस्कवर लिहीलच असं नाही. 'नेटकन्सोल' लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवतं, पण नेटवर्कच अडकलं तर तेही गप्प. तिथे सिरियल केबल भरवशाची.

आणि उपाय?
इंटरप्ट्स सगळ्या कोअर्सवर वाटा, ड्रायव्हर अपडेट करा, बॅकअपची वेळ रात्रीची ठेवा. पण एका वेळी एकच बदल! तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला, हे कधीच कळणार नाही.

तुमच्या ट्रेसमध्ये काय सापडलं, कमेंटमध्ये नक्की सांगा!