घर टिकते कशाने?

मुलांनो, तुमच्या गल्लीत कुठेतरी घराचे बांधकाम चालू असेल. वाळूचा ढीग, विटांची रास, सिमेंटची पोती, लोखंडी सळया हे सारे तुम्ही पाहता. यांतले चांगले कोणते आणि कच्चे कोणते, हे तुम्हांला ओळखता येईल का?

'इमारत' आणि 'मजबूत' हे शब्द तुमच्या उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. मजबूत इमारत पाहायची असेल, तर कोल्हापूरला या. येथील नवा राजवाडा 1877 ते 1884 या काळात बांधला गेला. त्याचा आराखडा मेजर मँट यांनी केला. राजवाडा काळ्या घडीव दगडाचा आहे. या दगडाला बेसाल्ट म्हणतात. फार प्राचीन काळी जमिनीतून लाव्हारस बाहेर आला. तो थंड होऊन हा दगड बनला. तो पाणी फारच कमी शोषतो. त्यामुळे कोल्हापूरचा धो धो पाऊस सोसूनही राजवाडा उभा आहे. मात्र हा दगड घडवणे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. कोल्हापूरच्या पश्चिमेकडे तांबडा जांभा दगडही वापरतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो. हवा लागली की कठीण होतो.

जुने गवंडी दगड जोडण्यासाठी चुना वापरत. बैल घाण्याभोवती गोल फिरत आणि जड दगडी चाकाखाली चुना व वाळू मळली जाई. विजापूरचा गोल घुमट 1656 साली पूर्ण झाला. त्याचा एवढा मोठा घुमट चुन्याच्याच बळावर उभा आहे! पण चुना घट्ट व्हायला फार वेळ लागतो. सिमेंट लवकर घट्ट होते, म्हणून पुढे सर्वत्र सिमेंट आले.

दगड आहे म्हणजे घर पक्के, असे मात्र समजू नका. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच मरण पावली. तेथील घरे दगडांचीच होती. भिंती रुंद होत्या, परंतु दगड नुसत्या मातीत बसवले होते. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातलेले नव्हते. वर मातीचे जड छप्पर होते. जमीन हादरताच दगड एकमेकांपासून सुटले आणि भिंती माणसांवर कोसळल्या. दगड चांगला होता. त्याला बांधून ठेवणारे काही नव्हते.

कोल्हापूरला भीती पाण्याची आहे. पंचगंगेची पातळी 43 फुटांवर गेली की ती धोक्याची समजतात. 2019 आणि 2021 साली ती 55 फुटांच्याही वर गेली. चिखली, आंबेवाडी यांसारखी गावे पाण्यात बुडाली. मातीचे घर उन्हाळ्यात थंड असते, त्यात राहायला मला तरी आवडते. पण पुराच्या पाण्यात कच्च्या विटा फुगतात आणि विरघळतात. पूर ओसरल्यावरही अशा भिंती अचानक पडतात. म्हणून पूर उतरला तरी ओल्या भिंतीच्या घरात लगेच पाऊल टाकू नये. नदीकाठी घर बांधायचे असेल, तर निदान जोते उंच हवे आणि ते दगडाचे किंवा काँक्रीटचे हवे.

आता आपल्या काळातले काँक्रीट पाहू. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ओढले की तडकते. ओढ सोसण्यासाठी त्यात लोखंडी सळया घालतात. या सळयांभोवती काँक्रीटचे पुरेसे आवरण हवे. आवरण पातळ राहिले, तर ओल आत जाते आणि सळई गंजते. गंज फुगतो व काँक्रीटचे पोपडे पडू लागतात. यासाठी सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. काही जण घाईत तेथे खडीचा तुकडा सरकवतात. तो निसटला की सळई खालीच टेकते!

काही परीक्षा तुम्हीही करू शकता. दोन भाजक्या विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला, तर वीट चांगली भाजली आहे. कोरडी वीट तोलून घ्या आणि चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. साध्या विटेचे वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढता कामा नये. काचेच्या बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घालून हलवा व बाटली ठेवून द्या. वाळू तळाशी बसेल आणि माती तिच्यावर थर धरेल. थर जाड दिसला, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. सिमेंटच्या पोत्यात गुठळ्या असतील, तर त्याला ओल लागली आहे असे समजा.

एवढे करूनही एक काम उरते. सिमेंट घट्ट होते ते पाण्यामुळे. मात्र काँक्रीट कालवताना जास्त पाणी ओतले, तर ते कमजोर होते. कामगारांना पसरायला सोपे जाते एवढेच. जास्त पाणी द्यायचे ते नंतर. म्हणून खांबांना ओले गोणपाट गुंडाळतात आणि स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी साठवतात. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला निदान दहा दिवस ओल हवी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा! शाळेतून आल्यावर गोणपाट भिजवण्याचे काम तुमच्याकडे आले, तर आधी त्याला हात लावून पाहा. ते दुपारीच वाळलेले असेल, तर उद्या सकाळी शाळेला निघण्यापूर्वीही एकदा पाणी घाला.