चाफ्याची काठी : झोपलेली की मेलेली?

प्रश्न : अकोल्यात प्रवरेपासून थोड्या अंतरावर आम्ही घर बांधलं. आईला दारात पांढरा चाफा हवा आहे. पौषात दोन रोपवाटिका पाहिल्या. एकीकडे पिशव्यांमध्ये नुसत्या करड्या काठ्या उभ्या होत्या, पान म्हणून नाही. मालक म्हणाले, "झोपलाय, फाल्गुनात बघा." दुसरीकडे हिरवागार, फुलांचा तुरा आलेला चाफा होता, पण किंमत तिप्पट. आईचा जीव हिरव्यावर, माझं मन काठीवर. पानं नसताना झाड निरोगी आहे की नाही, हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, अकोले

उत्तर : काठीवाल्या मालकांनी तुम्हाला खरं तेच सांगितलं. आपण ज्याला खुरचाफा किंवा देवचाफा म्हणतो, तो मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांच्या भागातला. त्या मुलखात वर्षातले काही महिने पाऊस नावालाही नसतो. तेवढा काळ काढायचा म्हणून हे झाड पानं टाकून देतं, जाड खोडात पाणी आणि पिष्ट साठवतं आणि गप्प उभं राहतं. अकोल्याकडे आल्यावरही त्याची ही रीत सुटलेली नाही. आपल्याकडे पावसाळा संपून थंडी पडली की मार्गशीर्ष-पौषात पानं पिवळी पडून गळतात आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला उघड्या फांद्यांच्या टोकाशी कळ्या दिसू लागतात. तेव्हा पौषातल्या उघड्या काठीला आजारी म्हणायचं कारण नाही.

आता तो हिरवा, फुललेला चाफा. त्याच्याविषयी मला तुमच्या काठीपेक्षा जास्त शंका आहेत. चाफ्याची फांदी तोडून कोपऱ्यात टाकली तरी तिला पानं फुटतात, कधी फुलंही येतात. देवळांच्या आवारात वाऱ्याने मोडून पडलेली फांदी जमिनीवर पडल्यापडल्या फुललेली अनेकांनी पाहिली असेल. ती फुलते ती खोडातल्या साठ्यावर. मुळं नसली तरी काही आठवडे तिचं भागतं. म्हणूनच चाफा विकत घेताना पानं आणि फुलं हा पुरावा धरायचा नाही. खोड आणि मुळं पाहायची. आईंना हे एवढं एक पटवून द्या, पुढचं सगळं सोपं आहे.

पौषात चाफा हिरवा दिसण्याची काही कारणं अगदी निर्मळही असतात. आधी पान बघा. पान टोकाला गोल, जाड, गडद हिरवं आणि चकचकीत असेल, तर ती वेगळी जात आहे. लेबलवर तिला 'प्लुमेरिया ऑब्ट्युसा' म्हणतात. ती थंडीतही बरीचशी पानं धरून ठेवते, फूलही पांढरंच देते. पान खाली अरुंद आणि वर नागाच्या फण्यासारखं पसरट असेल, तर तो 'प्लुमेरिया पुडिका'. रोपवाटिकेत त्याला सर्रास नागचाफा म्हणून विकतात. हे झुडूप जवळजवळ वर्षभर हिरवं राहतं, फुलतंही भरपूर, पण वास मात्र नसल्यासारखाच. आणि पान दोन्ही टोकांना निमुळतं, लांबट, कडेने शिरेची एक ठळक रेघ गेलेलं असेल, तर तो आपला नेहमीचा चाफा, 'प्लुमेरिया रुब्रा'. आईंच्या मनात देवळाजवळचा, पिवळ्या गाभ्याचा, वासाचा चाफा असेल, तर बहुधा हाच.

हा शेवटचा चाफा पौषात हिरवागार असेल, तर तो कुठून आला ते विचारा. आपल्याकडच्या रोपवाटिकांत शोभेची बरीच झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रवरमजवळच्या कडियमहून येतात. गंमत अशी, की तुमची प्रवरा नेवासे तालुक्यात ज्या गोदावरीला मिळते, त्याच गोदावरीच्या मुखाकडचा हा मुलूख. हवा मात्र अगदी वेगळी, उबदार आणि दमट. तिथून नुकतं आलेलं झाड अकोल्याच्या थंडीत आठ-पंधरा दिवसांत पानं टाकतं आणि घेणारा घाबरतो. घाबरायचं कारण नसतं, पण त्या पानांसाठी तिप्पट पैसे मोजायचंही नसतं.

आता काठीकडे येऊ. सर्वांत आधी अंगठा. खोड बुंध्याशी, मातीला लागून, हलकेच दाबून पाहा. निरोगी खोड टणक लागतं. पिकलेल्या केळ्यासारखं दबलं, साल सरकली, आतून तपकिरी पाणी आलं किंवा आंबूस वास आला, तर ते झाड सोडून द्या. बुंध्याची कूज वर चढत जाते आणि कुंडीतल्या झाडाला त्यातून वाचवणं अवघड असतं. कोणी म्हणेल, वरची चांगली फांदी कापून लावू. ते जमतंही, पण मग तुम्ही झाड घेतलं नाही, फांदी घेतली. तेवढेच पैसे द्या.

सालीवर सुरकुत्या असतील तर लगेच नाकारू नका. इथे थोडं थांबून मातीत बोट घाला. माती कोरडी आणि खोड सुरकुतलेलं, तर झाडाला फक्त तहान लागली आहे. झोपेच्या दिवसांत मालकांनी पाणी तोडलं असेल तर ते योग्यच केलं, ऊन वाढून पाणी मिळालं की साल पुन्हा भरते. माती ओली आणि तरीही खोड सुरकुतलेलं, तर मात्र गोष्ट गंभीर. पाणी समोर असून झाड ते पिऊ शकत नाही, म्हणजे मुळं कुजली आहेत किंवा आलेलीच नाहीत. चाफ्याची परीक्षा घेताना माझा सर्वांत जास्त भरवसा माती आणि साल यांच्या या जोडीवर असतो.

मग फांदीचं टोक. झोपलेल्या चाफ्याचं टोक घट्ट मिटलेलं, हिरवट-करडं आणि भरीव असतं. काळं, वाळलेलं, आक्रसलेलं टोक दिसलं तर खाली बोट फिरवा. काळेपणा अर्ध्या-पाऊण इंचावर थांबला असेल आणि खालचा भाग टणक असेल, तर चिंता नाही, तिथून बाजूला दोन-तीन फांद्या फुटतील. काळेपणा ओला असेल आणि खाली सरकत असेल, तर नको.

पानं गळून गेली तरी त्यांचे वण खोडावर राहतात. ते जवळून पाहा. वण दाटीने, एकाला लागून एक असतील, तर झाड भरपूर उन्हात, सावकाश आणि कसदार वाढलेलं आहे. दोन वणांमध्ये लांब अंतर असेल आणि काठी उंच पण बारीक असेल, तर ते सावलीत किंवा शेडनेटखाली उजेडासाठी ताणलेलं झाड. ते मरत नाही, पण वाऱ्यात कलतं आणि फुलाला वेळ घेतं. सहा फुटी सडपातळ काठीपेक्षा अडीच फुटांची, अंगठ्याहून जाड काठी केव्हाही घ्यावी. उंची बघून किंमत लावतात, म्हणून ती बहुधा स्वस्तही मिळते.

एवढं करूनही शंका राहिली, तर मालकांना विचारून सालीवर एका जागी नखाने अगदी बारीक ओरखडा काढा. साल पातळच असते. आत हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला, की काठी जिवंत. थंडीत चीक कमी येतो, पण हिरवेपणा असायलाच हवा. आत कोरडं, तपकिरी असेल तर त्या जागेपुरती फांदी मेलेली. चीक अंगाला लागला तर खाज सुटू शकते, डोळ्यांत गेला तर आग होते. हात धुतल्याशिवाय डोळ्यांकडे नेऊ नका, बरोबर लहान मूल असेल तर त्याला लांब उभं करा.

शेवटी मुळं, आणि खरी पारख इथेच होते. बुंधा दोन बोटांत धरून अगदी हलकेच डुलवा. मातीचा गोळा बरोबर हलला तर मुळांनी माती धरली आहे. काठी मातीत सैल फिरली, तर ती अलीकडेच खोचलेली फांदी. ओढून पाहण्याचा मोह टाळा, कारण चाफ्याची कोवळी मुळं फार ठिसूळ असतात, एका हिसक्यात तुटतात आणि झाड अजून तुमचं झालेलं नसतं. पिशवी उचलून खालची भोकं बघा. तिथे फिकट, भरीव मुळांची टोकं दिसली तर उत्तम. जाड मुळं पिशवी फोडून जमिनीत गेली असतील, तर उचलताना ती तुटणार. असं झाड हवंच असेल तर मालकांना मुळं कापून पंधरा दिवस तिथेच ठेवायला सांगा आणि मग न्या. गोळा चिकण मातीचा, घट्ट आणि ओलसर असेल, तर लावताना बाहेरची माती हळूच मोकळी करावी लागेल, हेही ध्यानात ठेवा.

गुलाबी, केशरी, दुरंगी चाफे बहुतेक कलमी असतात. त्यांचा सांधा तपासा. सांधा भरलेला हवा, भेग किंवा काळी कड नको. सांध्याच्या खालून आलेला फुटवा हा खुंटाचा असतो, तो ठेवला तर वर्षा-दोन वर्षांत वरचा रंग मागे पडून खुंटाचंच फूल दिसायला लागतं. आणि चित्रात निळाशार चाफा दाखवून कोणी रोप किंवा बी विकत असेल, तर पैसे खिशातच राहू द्या. निळा चाफा नाही. बियांपासून केलेलं रोप आईसारखंच फूल देईल, याचीही खात्री नसते, आणि फुलायला त्याला तीन वर्षं किंवा जास्तही लागतात. फांदीपासून केलेलं झाड पहिल्या-दुसऱ्या वर्षी फुलतं आणि मूळ झाडासारखंच फुलतं.

किडी-रोगांचं थोडक्यात. श्रावणानंतर पानाच्या मागे केशरी पुटकुळ्या दिसल्या आणि बोटाला पूड लागली, तर तो तांबेरा. दिसायला वाईट, पण झाड मारत नाही. खोड टणक असेल तर एवढ्यासाठी झाड नाकारू नये. रोगट पानं काढून जाळावीत, खतात टाकू नयेत. पिठ्या ढेकणाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. पानाच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके, पानांवर काजळी आणि खोडावरून मुंग्यांची रांग, हे तिन्ही एकत्र दिसलं तर ते झाड तर नकोच, शेजारचंही नको. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ साली कोइम्बतूरला पहिल्यांदा आढळला आणि तिथून पसरला. तो चाफ्यावर आणि जास्वंदीवरही पोसतो. त्याच्यावर जगणारे गांधीलमाशीच्या कुळातले अगदी बारीक कीटक २०१० साली प्वेर्तो रिकोहून मागवून सोडले गेले, तेव्हा कुठे त्याचा जोर ओसरला. घरची पपई, जास्वंद चांगली असेल तर ही आपत्ती विकत आणू नका.

तर तुमच्या दोन झाडांपैकी कोणतं? वरच्या परीक्षांत उतरली तर काठी घ्या, आणि आत्ता घेण्यापेक्षा फाल्गुनाच्या अखेरीस जाऊन, टोकाशी हालचाल दिसली की घ्या. तेव्हा फूल उमललेलं असेल तर संध्याकाळी उशिरा जा. चाफ्याचा वास दिवेलागणीनंतर वाढतो. या फुलात मध नसतो, रात्री उडणाऱ्या पतंगांना तो नुसत्या वासावर बोलावतो. आईंना बरोबर न्या, वास त्यांनाच घेऊ द्या.

प्रश्न : आम्ही भंडारदऱ्याच्या बाजूला राहतो. आमच्याकडे दोनदा लावलेला चाफा पावसात कुजला. रोपच खराब होतं का?
— एक वाचक, अकोले तालुका

उत्तर : रोपाला दोष देण्याआधी लावायची वेळ बघा. एकाच तालुक्यात असलात तरी तुमचा पाऊस आणि संगमनेरच्या बाजूचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं ते याच पावसाच्या जिवावर. आषाढात लावलेलं, मुळं न धरलेलं रोप तुमच्याकडे टिकत नाही. चैत्रात लावा, म्हणजे पावसाआधी मुळं बसायला दोन-अडीच महिने मिळतात. जागा उताराची घ्या किंवा दगड-मुरमाचा हातभर उंच ओटा करून त्यावर लावा. सपाटीतल्या खड्ड्यात शेणखत भरून लावलेला चाफा पाण्यातच उभा राहतो.

विकत घेण्यापेक्षा तुमच्याच गावात पाऊस सोसून उभ्या असलेल्या जुन्या चाफ्याची फांदी मागून आणा. हातभर लांबीची, करड्या सालीची, पक्की फांदी फाल्गुन-चैत्रात धारदार कोयत्याने कापा, पानं काढा आणि कापलेलं तोंड सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा. चीक वाळून तोंडावर खपली धरली की वाळू मिसळलेल्या मातीत चार बोटं खोल लावा आणि काठीचा आधार बांधा. पहिलं पाणी देऊन मग माती कोरडी झाल्याशिवाय दुसरं देऊ नका. कोंब दिसला म्हणून हलवायचीही घाई नको. पहिली पानं पूर्ण उघडून नवी यायला लागली की मुळं लागली असं समजा.