ब्रिस्केट आदल्या दिवशीच

पेसाख या ज्यू सणातल्या सेडरच्या, म्हणजे विधिवत जेवणाच्या रात्री ताटं कधी मांडली जातील, हे घरच्या बाईलाही सांगता येत नाही. हगादा, म्हणजे सणाची पोथी, वाचायचा, धाकट्याने चार प्रश्न विचारायचे, वाइनचे दोन पेले व्हायचे, मग कुठे जेवण. कधी तास लागतो, कधी दोन. म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: ब्रिस्केट सणाच्या दिवशी शिजवायला घेऊ नका.

आम्ही बेने इस्रायली, महाराष्ट्रातले ज्यू. मांसाला दुधातुपाची संगत चालत नाही, म्हणून मटणात नारळाचं दूध घालणारे. अमेरिकेत मुलीचं लग्न अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपीय ज्यू घरात झालं आणि ब्रिस्केट आमच्याही ताटात आलं. विहीणबाईंच्या हाताखाली मी ते शिकले. पण त्या एवढ्या जपून का करतात, हे कळलं त्यांच्या नात्यातल्या एका घरी. तिथे दुपारी ओव्हनमध्ये ठेवलेलं मांस पुस्तकातल्या वेळेला बाहेर काढलं. कडक लागलं, तेव्हा जास्त शिजलं असं समजून गरमगरमच कापलं, तेही धाग्यांच्या दिशेने. व्याह्यांच्या वयोवृद्ध वडिलांनी घास बराच वेळ चघळला आणि हळूच ताटाच्या कडेला ठेवला. वर्षभर त्या जेवणाची वाट पाहिली होती त्यांनी. मला अजून वाईट वाटतं.

खरं तर ते कमी शिजलं होतं. ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा तुकडा. जनावराचा भार पेलणारे हे स्नायू, त्यामुळे त्यांत चिवट कोलॅजन भरपूर. ते विरघळून जिलेटिन व्हायचं तर मांस आतून 90 ते 95 अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवं, आणि तेही सावकाश. 70 अंशांना ते शिजलेलं असतं, पण दाताला दाद देत नाही. दोन-अडीच किलोला 160 अंशांच्या ओव्हनमध्ये साडेतीन-चार तास धरा, पण घड्याळावर विसंबू नका. काटा खुपसून फिरवा. अडला, तर झाकून परत आत.

घेताना वरची चरबी सगळी उतरवू देऊ नका, पातळ थर राहू द्या. मांस शिजून तिसऱ्या हिश्श्याने तरी आटतं. माणशी पाव किलोहून जरा जास्तच घ्या. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसारच्या, मांसाला आधीच मीठ लावून धुतलेलं असतं, म्हणून मीठ शेवटी, चव पाहून. दोन्ही बाजू तेलात खरपूस झाल्या की त्याच भांड्यात पाच-सहा कांदे लालसर परता; मग लसूण, गाजर, टोमॅटो, रेड वाइन. रस मांसाच्या निम्म्यापर्यंत यावा. अनेक अश्केनाझी घरांत सेडरच्या रात्री भाजलेलं मांस खात नाहीत, तेव्हा रसात हात आखडू नका. पेसाखला मैदा चालत नाही. शिजलेले कांदे घोटले की रस आपोआप दाट होतो.

शिजल्यावर रसासकट निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वर गोठलेली चरबी काढा आणि गार मांस धाग्यांना आडवं कापा. गरम असताना ते विस्कटतं, गार झालं की काप नीट पडतात. काप रसात मांडून, झाकून, मंद ओव्हनमध्ये पाऊण तास ठेवा. हगादा लांबला तरी ते खुशाल वाट पाहतं. जाड टोकाकडचा चरबीदार भाग सगळ्यात मऊ असतो. त्याचे काप वेगळे ठेवा आणि वयस्कर माणसांना आधी वाढा.