तीन दिवसांचा पाहुणा

गेल्या महिन्यात मंडळाच्या अभ्यासवर्गात मी ‘दिदाखे’ या जुन्या पुस्तकावर थोडं बोललो होतो. वेळ कमी पडला. शेवटी दोघा-तिघांनी विचारलं, हे सगळं आज कशाला वाचायचं? तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर माझ्या घरातलं होतं, आणि ते चारचौघांत सांगायचं धाडस झालं नाही. आता आत्याची परवानगी घेऊन लिहितो.

माझी आत्या बेळगावपासून तासाभराच्या अंतरावर राहते. तिला मधुमेह आहे, बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी तिच्या शेजारच्या घरी एक उपदेशक येऊन प्रार्थनासभा घेऊ लागले. बोलणं गोड, वचनं तोंडपाठ, आणि प्रार्थना करताना डोळ्यांत पाणी. तीन-चार महिन्यांत आत्यानं गोळ्या बंद केल्या, कारण औषध घेणं म्हणजे अविश्वास असं तिला सांगण्यात आलं होतं. पुढे ‘विश्वासाचं बी’ म्हणून तिनं हातातल्या पाटल्याही दिल्या. पायाची जखम भरेना तेव्हा बाबांना हे कळलं. मी तावातावानं तिच्याशी भांडायला गेलो, तर ती एवढंच म्हणाली, “देवाच्या अभिषिक्ताला बोट लावायचं नसतं की रे.” मला उत्तर सुचलं नाही. मराठी साहित्याचा विद्यार्थी मी, पण शास्त्रातलं एक वाक्य समोर आलं आणि गप्प बसलो.

त्यानंतर ‘दिदाखे’ हाती आलं. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ असं त्याचं नाव. हे पुस्तक पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला रचलं गेलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. शेकडो वर्षं ते हरवल्यासारखंच होतं. १८७३ साली फिलोथेओस ब्रियेन्निओस यांना कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका ग्रंथालयात १०५६ सालची हस्तलिखित प्रत सापडली आणि १८८३ मध्ये त्यांनी ती छापली. पुस्तक अगदी छोटं आहे, तासाभरात वाचून होतं.

त्या काळी मंडळ्या घराघरांत जमायच्या आणि उपदेशक गावोगाव फिरायचे. आलेला माणूस खरा की खोटा हे कळायला ना ओळखपत्र, ना फोन. दिदाखेच्या अकराव्या अध्यायात यासाठी जे नियम दिलेत ते वाचून मी आधी हसलोच. प्रेषित म्हणून कोणी आला तर प्रभूसारखं त्याचं स्वागत करा. एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे, आत्म्याच्या प्रेरणेनं बोलतोय असं दाखवून ‘इथे जेवणाचं ताट मांडा’ म्हणाला आणि मग स्वतःच त्या ताटावर बसला, तरी खोटा! असे प्रकार घडत असणार, नाहीतर इतका बारीक नियम कोण कशाला लिहील?

हे नियम कोण लावणार, हा मला महत्त्वाचा भाग वाटतो. भाकरी थापणारी बाई लावू शकते. त्यासाठी ग्रीक येण्याची गरज नाही, धर्मशास्त्राची पदवीही नको. पाहुणा किती दिवस राहिला, काय मागितलं, कुणासाठी मागितलं, एवढंच बघायचं. कुणासाठी हा मुद्दा तर दिदाखे मुद्दाम सांगतं: मला पैसे द्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला दोष लावू नका. बाराव्या अध्यायात आणखी पुढचं आहे. कोणाला गावात स्थायिक व्हायचं असेल तर त्यानं काम करून खावं. हे ज्याला मान्य नाही त्याच्यासाठी तिथे एक खास शब्द वापरलाय, ‘ख्रिस्तेंपोरोस’. आपल्या भाषेत सांगायचं तर ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा.

चमत्काराचं काय, असं कोणी विचारेल. आत्याचा मुख्य मुद्दा तोच होता, की लोक बरे झालेत. पण पवित्र शास्त्र ही कसोटी धरतच नाही. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात चिन्ह खरं ठरलं तरी संदेष्टा खोटा असू शकतो असं सांगितलंय, आणि मत्तयाच्या सातव्यात येशूच्या नावानं अद्भुतं करणाऱ्यांनाही तो ओळख देत नाही. (आपल्याकडे रामदासांनीही ‘दासबोधा’त गुरूची लक्षणं सांगताना चमत्कार दाखवणाऱ्यांना बाजूलाच ठेवलंय.) मीखा संदेष्ट्याची तक्रार तर थेट पोटाशी येते: तोंडात घास पडला की शांतीचा संदेश, नाही पडला की युद्ध.

आता ते अभिषिक्ताचं वाक्य. ते १०५ व्या स्तोत्रात आहे. मागची-पुढची चार वचनं वाचली तर चित्र उलटंच दिसतं. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल चाललंय. संख्येनं थोडे, परक्या देशांत भटकणारे, कोणाचा आधार नसलेले. त्यांना हात लावू नका हे देव राजांना बजावतो. म्हणजे दुबळ्याला वाचवण्यासाठी बलवानाला घातलेली ही ताकीद आहे. आणि माझ्या आत्याला, जिच्या हातात पाटल्याही उरल्या नव्हत्या, तिला गप्प करायला तेच वाक्य वापरलं गेलं.

तरी दिदाखे वाचताना मला अडचणी येतातच. प्रेरणेनं बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा घेऊ नका, ते अक्षम्य पाप आहे, असंही त्याच अध्यायात आहे. लगेच पुढे, बोलतो तो प्रत्येक जण संदेष्टा नव्हे, त्याची चालचलणूक प्रभूसारखी आहे का ते बघा. मी याचा अर्थ असा लावतो की बोलणं चालू असताना मध्येच तोडू नका, पण जगणं बघत राहा. सगळ्यांना हे पटेलच असं नाही. दुसरी अडचण आजची. आताचा उपदेशक तीन दिवस राहतच नाही. तो मोबाईलवर येतो, खाली क्यूआर कोड असतो, आणि त्याचं जगणं आपल्याला दिसतच नाही.

हे सगळं मी आत्याला वाचून दाखवलं. ती आता इन्सुलिन घेते, जखमही भरली. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण तो माझ्यासाठी रडायचा, ते खोटं होतं काय रे?” मग थोड्या वेळानं, “तुम्ही कोण माझ्याजवळ तासभर बसला होता, सांग बघू.”

त्या वर्षी मी तिच्याकडे दोनदा गेलो होतो. दुसऱ्यांदा भांडायला.

पुढच्या वर्गात पंधरावा अध्याय घेऊ, मंडळीनं आपले अध्यक्ष आणि सेवक पारखून कसे निवडावेत यावरचा. आत्याही येते म्हणालीय, तेव्हा खालच्या मजल्यावरची खोली मिळाली तर बरं.