मधुमेही सहकाऱ्याच्या खणातील साखर

सरकारी कचेरी असो, शाळेतील शिक्षकांची खोली असो की ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, दुपारच्या सुट्टीत सर्वांचे डबे एकत्र उघडण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. एकाची भाकरी, दुसऱ्याची उसळ आणि तिसऱ्याच्या घरून आलेले लोणचे यांवर त्या अर्ध्या तासात कोणाची मालकी राहत नाही. ही रीत चांगली आहे. हुद्द्याची आणि जातीची कुंपणे मोडण्याचे काम अनेक परिपत्रकांपेक्षा या डब्यांनी अधिक केले असेल. परंतु याच आपलेपणाची एक बाजू अशी आहे की, तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. शेजारच्या टेबलाचा खण उघडून त्यातील बिस्किटांचा पुडा काढावा, चारचौघांत वाटावा आणि 'उद्या आणून देऊ' असे म्हणून कामाला लागावे, यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. तो खण इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही सहकाऱ्याचा असेल, तर त्या पुड्याबरोबर त्याचे औषधही वाटले गेलेले असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण शेकडा ११ हून थोडे अधिक पडते. म्हणजे पंचवीस माणसांच्या कार्यालयात दोन-तीन मधुमेही असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. त्या सर्वांनाच खणात साखर ठेवावी लागते असे नाही. ज्यांना ती ठेवावी लागते, त्यांना ती का लागते, हे मात्र उरलेल्या बावीस जणांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

साखर उतरते तेव्हा

मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढण्याचा विकार, एवढे सर्वजण जाणतात. त्यामुळे मधुमेह्याच्या खणात साखर, गोळ्या किंवा ग्लुकोजची भुकटी दिसली की लोकांना हसू येते. 'डॉक्टरने बंद केले, म्हणून कचेरीत लपून खातो', असा शेराही मारला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. वाढलेली साखर खाली आणण्यासाठी जी औषधे दिली जातात, त्यांतील काही औषधे प्रसंगी ती गरजेपेक्षा फार खाली नेतात. इन्सुलिन हे त्यांतील मुख्य. ग्लायबेनक्लामाइड, ग्लायमेपिराइड यांसारख्या गोळ्यांनीही असे घडू शकते. उलट, केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा धोका सहसा उद्भवत नाही.

इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे, एका चौदा वर्षांच्या मुलाला. तोवर या वयातील मधुमेही मुलांना उपासमारीच्या आहारावर काही काळ जगविणे, एवढाच उपाय वैद्यकाच्या हाती होता. या शोधासाठी बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु इन्सुलिन हाती आले त्याच वर्षी टोरांटोच्या डॉक्टरांना त्याची दुसरी बाजूही नोंदवावी लागली. मात्रा थोडी अधिक झाली, की रुग्णाला घाम सुटे, तो थरथरू लागे, बरळू लागे. आणि साखर पोटात गेली, की थोड्याच वेळात सावरत असे. जवळ साखर बाळगण्याचा सल्ला इन्सुलिनइतकाच जुना आहे तो यामुळे.

रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती उतरली असे समजतात, आणि ५४ च्या खाली गेल्यास प्रसंग गंभीर मानतात. मेंदूचे पोषण मुख्यत्वे ग्लुकोजवर चालते आणि त्याच्याजवळ ग्लुकोजचा म्हणण्यासारखा साठा नसतो. म्हणून प्रथम शरीर इशारा देते. हात कापतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, ओठांना मुंग्या येतात, एकाएकी भूक लागते. हा इशारा वाया गेला तर पुढची लक्षणे मेंदूची असतात: बोलणे अडखळते, नजर धूसर होते, हिशेब चुकतात, माणूस विनाकारण चिडतो. त्यानंतर झटके किंवा बेशुद्धी. पहिल्या इशाऱ्यापासून येथवरचा काळ कित्येकदा अर्ध्या तासाहूनही कमी असतो.

तालुक्याच्या कचेरीतील एका लेखनिकाची कल्पना करावी. सकाळी इन्सुलिन आणि न्याहारी घेऊन तो साडेनऊला कामावर येतो. त्याच्या जेवणाची वेळ दीडची आहे. त्या दिवशी आढावा बैठक लागते. दीडचे दोन होतात, दोनाचे अडीच. साहेब बोलत असताना उठून जाणे त्याला प्रशस्त वाटत नाही. अडीच वाजता घाम फुटतो, तसा तो कसाबसा बाहेर येतो आणि आपल्या टेबलाचा खण उघडतो. पुडा नाही. डबीही नाही. सकाळी कोणाच्या तरी बढतीच्या चहाबरोबर दोन्ही संपलेली असतात. तो दुसरा खण उघडतो, मग पुन्हा पहिला. एव्हाना त्याला आपण काय शोधीत आहोत हेच नीट आठवत नाही. शेजारचा विचारतो, 'काय हो, काय हरवले?' त्यावर तो त्याच्या अंगावर ओरडतो. कचेरीत कुजबूज सुरू होते, की यांनी आज दुपारीच घेतलेली दिसते.

ही शेवटची कुजबूज विशेष वाईट आहे. साखर उतरलेल्या माणसाची चाल, बोलणे आणि राग हे दारू प्यायलेल्या माणसासारखे दिसतात, आणि शासकीय सेवेत दारूच्या नुसत्या संशयाने माणसाच्या सेवापुस्तकापर्यंत मजल जाऊ शकते. त्याच्या जिवावरचे संकट ओळखायचे राहून जाते आणि त्याच्या चारित्र्याची चर्चा होते.

खण उघडणाऱ्यांचे म्हणणे

खाऊ घेणाऱ्यांची बाजूही पाहिली पाहिजे. त्यांतील बहुतेकांच्या मनात वाईट काही नसते. दहा रुपयांचा पुडा, त्याचे काय एवढे, असे त्यांना वाटते. कायदाही येथवर त्यांच्याशी सहमत आहे. सामान्य समजाचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही, इतके क्षुल्लक नुकसान गुन्हा ठरत नाही, असे तत्त्व जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९५ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३ मध्येही ते आहे. मात्र त्या कलमात मोजायचे ते झालेले नुकसान. पुड्यावर छापलेली किंमत हे त्याचे माप होऊ शकत नाही. आगगाडीच्या डब्यातील अग्निशामक नळकांडे विकायला काढले तर मोडीच्या भावातच जाईल.

काहीजण परोपकाराच्या बुद्धीने घेतात. मधुमेही माणसाला गोडापासून वाचविणे हे आपले कर्तव्य आहे, असे समजून ते त्याच्या खणातील चॉकलेट संपवितात आणि त्याला पथ्यावर चार शब्दही ऐकवितात. अशांची समजूत घालणे चोराची समजूत घालण्याहून कठीण जाते. तिसरे म्हणणे 'उद्या आणून देऊ' हे. उद्या तो पुडा परत येतोही. परंतु साखर आज उतरणार की उद्या, हे ज्याच्या हाती नाही, त्याला उद्याच्या पुड्याचा उपयोग नसतो.

एक अडचण मधुमेह्याच्या बाजूनेही आहे. कित्येकजण आपला विकार कचेरीत सांगतच नाहीत. विशेषतः लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्या तरुण मुली, विवाह जमण्यात अडथळा येईल या भीतीने, सुई आणि डबी दोन्ही लपवून ठेवतात. बढतीच्या किंवा बदलीच्या वेळी विकार आड येईल ही धास्ती पुरुषांनाही असते. आपला आजार जगजाहीर करण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, आणि करूही नये. तथापि जवळ बसणाऱ्या एकदोघांना तरी विश्वासात घेतल्यावाचून हा धोका टळत नाही, कारण साखर फार उतरल्यावर डबी कोठे आहे हे सांगण्याची शुद्ध रुग्णाला राहीलच असे नाही. दुसऱ्याच्या खणाला विचारल्याशिवाय हात लावू नये, हा नियम पाळण्यासाठी मात्र कोणाचाही आजार माहीत असण्याची गरज नाही.

खणात काय असावे

साखर उतरल्याची शंका येताच सुमारे १५ ग्रॅम साखर पोटात जावी, पंधरा मिनिटे थांबावे, यंत्र जवळ असल्यास पुन्हा तपासावे आणि सुधारणा नसल्यास तेवढीच साखर पुन्हा घ्यावी, अशी पद्धत डॉक्टर सांगतात. चहाचे तीन सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोजची भुकटी पाण्यात विरघळविली की हे माप जवळपास भरते. येथे पेढा, बर्फी, चॉकलेट किंवा शेंगदाण्याची चिक्की कामाची नाही. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरण्यास उशीर लागतो. बिस्किटांचेही तेच. बिनसाखरेचा म्हणून विकला जाणारा कोणताही पदार्थ तर येथे संपूर्ण निरुपयोगी होय.

मग खणात बिस्किटे कशाला, असे कोणी विचारील. साखरेने आलेली तरतरी फार वेळ टिकत नाही. जेवणाला अवकाश असेल तर त्यामागून बिस्किटे, पोळी किंवा दूध असे काही सावकाश पचणारे घ्यावे लागते, अन्यथा साखर पुन्हा उतरते. तेव्हा डबी आणि पुडा या दोहोंचे काम वेगळे आहे, आणि 'आम्ही फक्त बिस्किटे घेतली' हा खुलासा पुरेसा ठरत नाही.

अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या घेणाऱ्यांनी घरगुती साखरेवर भिस्त ठेवू नये. या गोळ्या आतड्यात साखरेचे विघटनच मंद करतात. म्हणून अशा रुग्णाजवळ ग्लुकोजच असले पाहिजे. त्याच्या खणातील ग्लुकोज कोणी उन्हातून आल्यावर सरबत म्हणून पिऊन टाकले आणि बदली म्हणून साखरेची पुडी ठेवली, तर भरपाई झालेली नसते. वयस्कर रुग्ण, ज्यांची साखर वरचेवर उतरते असे रुग्ण आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारे यांना थरथर, धडधड हे आरंभीचे इशारे पुसटच जाणवतात. त्यांच्या बाबतीत शेजाऱ्याची नजर हीच पहिली घंटा असते.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर त्याच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. त्याला कुशीवर वळवावे आणि महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेला कळवावे. मधुमेही आहे, इन्सुलिन किंवा गोळ्या घेतो, हे दूरध्वनीवरच सांगावे. गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर रुग्ण शुद्धीवर येऊन हसूबोलू लागला तरी त्याला दवाखान्यात नेणे आवश्यक आहे, कारण त्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो आणि काही तासांनी तीच अवस्था पुन्हा ओढवू शकते.

कचेरीबाहेरचे दिवस

हा प्रश्न टेबलाच्या खणापुरता नाही. मतदानाच्या दिवशी पहाटेपासून रात्री साहित्य जमा होईपर्यंत केंद्रावर अडकलेला शिक्षक, पंचनाम्यासाठी शिवारात फिरणारा तलाठी, बंदोबस्तावरील पोलीस, लांब पल्ल्याच्या एसटीचा वाहक यांना जेवणाची वेळ आपल्या हाती ठेवता येत नाही. त्यांची साखर त्यांच्या पिशवीत असते आणि ती पिशवी बहुधा सर्वांची समजली जाते. चतुर्थी-एकादशीला औषध नेहमीचे आणि आहार उपवासाचा, असे करणाऱ्यांची भर त्यात पडते. उपवास करावयाचा तर औषधाची मात्रा डॉक्टरांना आधी विचारून घ्यावी, हे गावोगावच्या आरोग्यसेविका सांगत असतात.

परीक्षागृहाच्या बाबतीत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये चांगला पायंडा पाडला. दहावी-बारावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे, खाद्यपदार्थ आणि पाण्याची लहान बाटली सोबत नेण्यास मंडळाने परवानगी दिली. ज्या पर्यवेक्षकाला या सवलतीचे कारण कळले आहे, त्याला शिक्षकांच्या खोलीतील सहकाऱ्याची डबीही कळेल, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.

कार्यालयप्रमुखाला यासाठी वेगळ्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सक्तीची केली होती. तशी पेटी आज अनेक कचेऱ्यांतही असते. पण तीत आयोडीन, कापूस आणि पट्ट्या यांपलीकडे सहसा काही नसते. तीत ग्लुकोजचा एक डबा, एक चमचा आणि एक पेला ठेवला, तर कोणाचा खण रिकामा झाला तरी दुसरा आधार उरतो. बैठक लांबणार असेल तर दीड वाजता दहा मिनिटांची विश्रांती जाहीर करणे हेही प्रमुखाच्याच अधिकारात आहे. त्यासाठी कोणाचे नाव घ्यावे लागत नाही.

मधुमेही कर्मचाऱ्याने आपली डबी खाऊच्या पुड्याशेजारी न ठेवता निराळी ठेवावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'औषध' असे लिहावे. 'औषध' हा शब्द वाचून डबी उघडणारा माणूस कचेरीत क्वचितच भेटतो. डबी पत्र्याची किंवा घट्ट झाकणाची असावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ग्लुकोजची भुकटी दमट होऊन तिचा दगड बनतो आणि ऐन वेळी चमचा आत जात नाही, म्हणून आषाढ-श्रावणात ती महिन्यातून एकदा उघडून पाहावी. मुंग्यांचा बंदोबस्तही करावा लागतो; त्या लेबल वाचीत नाहीत.