पासवर्डची वही

२००४ साली न्यू जर्सीत शिकत असताना आम्हा तिघींच्या घरात लॅपटॉप एकच होता आणि तो कायम कुणाच्या तरी असाइनमेंटमध्ये अडकलेला. टीव्हीखाली मात्र साधा डीव्हीडी प्लेअर होता. सिनेमांच्या डिस्क चाळताना मला ‘फँटम ऑफ इन्फर्नो’ मिळाली. ही जपानी व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं, आवाज आणि पडद्यावरचा मजकूर यांतून उलगडणारी कादंबरी. मधूनमधून ती थांबते आणि पुढे काय करायचं ते तुम्हाला विचारते. हिरामेकी या कंपनीने अशा काही कथा इंग्रजी मजकुरासह अमेरिकेत आणल्या होत्या. कॉम्प्युटर लागत नाही, गेमचा कन्सोल लागत नाही, सिनेमाच्या प्लेअरवरच त्या चालत. त्या हिवाळ्यात जे शिकले, ते असं.

१. प्लेअर बंद करण्याआधी वही उघडा.

डीव्हीडीवर प्लेअरला काही लिहिता येत नाही. त्याच्याकडे असे खेळ चालवायला जेमतेम सोळा कप्पे असतात, प्रत्येकी सोळा बिटांचे. म्हणजे सगळे मिळून २५६ ‘हो-नाही’. तुम्ही कुणावर विश्वास ठेवलात, कुठली वाट धरलीत, हे सगळं एवढ्याशा जागेत मावतं आणि वीज गेली की पुसलं जातं. म्हणून खेळ थांबवताना पडद्यावर पासवर्ड येतो, तो उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी भरायचा. एका रात्री अडीच तास वाचून झाल्यावर झोपेच्या भरात मी थेट पॉवरचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. दुकानातून दोनशे पानी वही आणली ती त्याच दिवशी.

२. पासवर्डशेजारी आपण काय केलं तेही लिहा.

पंधरा दिवसांनी नुसता पासवर्ड पाहिला तर काही आठवत नाही. मी तारीख घालू लागले, मग निवड, मग कारण. ‘तिला खरं सांगितलं नाही. भीती वाटली.’ ‘इथे दुसरी वाट बघायची आहे, पण आज नको.’ या कथेचा नायक अमेरिकेत आलेला जपानी मुलगा. एक गुन्हेगारी संघटना त्याची स्मृती पुसते, त्याला मारेकरी बनवते आणि ‘त्स्वाय’ असं नाव देते. जर्मनमध्ये त्याचा अर्थ दोन. त्याला शिकवणारी मुलगी ‘आइन’, म्हणजे एक. तिलाही आपलं नाव-गाव माहीत नाही. समोरच्या मुलाला काही आठवत नाही, ज्या यंत्रावर तो दिसतोय त्याला काही आठवत नाही, आणि दोघांच्या वतीने लक्षात ठेवायची जबाबदारी माझ्या मांडीवरच्या वहीवर! त्या कथेशी मी इतकी बांधली गेले ती यामुळेच.

३. प्लेअर थांबला तर बटणं बडवू नका.

निवड केली की पडदा क्षणभर काळा होतो. कथेचा पुढचा तुकडा डिस्कवर दुसरीकडे असतो, लेसरला तिथवर जावं लागतं. सुरुवातीला मी वैतागायचे. नंतर त्या काळ्या क्षणात छातीत धडधडायला लागलं. संगणकावर तीच कथा पुढे वाचली, पण तो क्षण तिथे नव्हता.

४. एकटीने वाचू नका.

लॅपटॉपसमोर एकच माणूस नीट बसू शकतो, टीव्हीसमोर अख्खं घर बसतं. आमची नाशिकची मैत्रीण पहिल्यांदा नुसती जेवणाचं ताट घेऊन बसली होती. तिसऱ्या रात्रीपर्यंत मजकूर मोठ्याने वाचायचं काम तिच्याकडे गेलं. आवाज जपानी, मजकूर इंग्रजी आणि आमची भांडणं मराठीत. ‘अगं, पळून जा म्हणावं त्याला!’ ‘आणि तिला एकटीला सोडू?’ एकदा एका निवडीवर आम्ही वीस मिनिटं वाद घातला. शेवटी तिसरीने, जी आतापर्यंत पुस्तकात डोकं घालून होती, हात लांब करून रिमोट घेतला आणि बटण दाबलं. कुणी बोललं नाही. तिने जी वाट धरली, तीच मला आजही त्या कथेची खरी वाट वाटते.

५. लेखकाचं नाव लक्षात ठेवा.

गेन उरोबुची. मूळ जपानी ‘फँटम’ २००० साली आली, ती त्याची पहिली कथा. ‘मादोका मागिका’ ही त्याने लिहिलेली अ‍ॅनिमे मालिका २०११मध्ये आली, ती पाहताना मला जुना माणूस भेटल्यासारखं झालं. हिरामेकीने मात्र अशा कथा इंग्रजीत आणण्याचं काम २००८मध्ये थांबवलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

६. वही टाकू नका.

गेल्या दिवाळीत पुण्यात माळा आवरताना ती सापडली. डिस्कही होती. भाचीने पासवर्ड वाचून दाखवला, मी रिमोटने एकेक खूण भरली. प्लेअर वेगळा, टीव्ही वेगळा. पडदा काळा झाला, लेसर सरकल्याचा बारीक आवाज आला आणि आइन समोर उभी राहिली. भाचीने वहीत बघून विचारलं, “मावशी, इथे ‘दुसरी वाट, पण आज नको’ असं लिहिलंय. मग आज?”

मी रिमोट तिच्या हातात दिला.